आधी, नंतर आणि गॉगल

अनुजा त्या दवाखान्यात शिरली ती केवळ पाऊस चुकवायला. पण दातांच्या दवाखान्यात पाऊस चुकवायला कोण येतं? आतल्या बाईंनी तिला सरळ खुर्चीत नेऊन बसवलं. खुर्ची मागे कलली, डोक्यावरचा दिवा लागला आणि दिव्याच्या आडून कुणीतरी म्हणालं, "आ करा."

अनुजाने आ केला. डॉक्टरांचं ऐकायचं, असं घरचं वळण होतं.

"त्रास कधीपासून आहे?"

"पावसाचा? आत्ताच सुरू झालाय."

मास्कच्या वरचे दोन डोळे आधी गोंधळले, मग हसले. हे डॉक्टर विश्वजित. साल २००५, पंचगंगेच्या पुराचं पाणी नुकतंच उतरलेलं, आणि कोल्हापूरच्या राजारामपुरीत दवाखाना उघडून त्यांना फार दिवस झाले नव्हते. खुर्चीत आलेलं माणूस तपासल्याशिवाय सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं.

अनुजा पुढच्या गल्लीतल्या क्लासमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवायची. तिचे वरचे दात ओठांच्या जरा आधी पोचायचे. त्यामुळे ती हसताना हात तोंडावर न्यायची आणि फोटोत कायम शोकसभेला आल्यासारखी दिसायची. तिला बघायला आलेली मंडळी "मुलगी हुशार आहे" एवढंच बोलून चहा संपवायची. तारा लावल्या तर दीड-दोन वर्षांत दात सरळ होतील, असं विश्वजितने सांगितलं. पुढच्या आठवड्यात ती पाऊस नसताना आली.

तेव्हा त्याने नव्याकोऱ्या डिजिटल कॅमेऱ्यावर तिचे फोटो काढले. प्लास्टिकच्या आकड्यांनी ओठ ताणून, दात उघडे पाडून. आयुष्यभर जे झाकलं, तेवढंच नेमकं फोटोत. अनुजाने खाली बघत विचारलं, "हे... कुणाला दाखवणार नाही ना?"

"मीच बघणार फक्त," विश्वजित म्हणाला. मास्कमुळे तोंड झाकलेलं होतं, पण कान लाल झालेले दिसलेच.

प्रेमात पडायला दातांच्या डॉक्टरची खुर्ची ही फार गैरसोयीची जागा आहे. एकाचं तोंड बांधलेलं, दुसऱ्याचं उघडं. तो तारा आवळता आवळता विचारायचा, त्रिकोणमिती आयुष्यात कुठं उपयोगी पडते हो मॅडम? ती म्हणायची, "आं." तो म्हणायचा, मलाही तसंच वाटायचं. मग चूळ भरायची वेळ आली की ती साठलेली उत्तरं एकदम द्यायची.

"ही तुमची खुर्ची किती अंशांनी मागे जाते, सांगा बघू."

"...नाही सांगता येणार."

"मग आयुष्याचं राहू द्या."

त्यानंतर तो बराच वेळ विनाकारण आरसा पुसत बसायचा.

मनातलं तो बोलला मात्र नाही. पेशंटला खुर्चीत आडवं पाडून, तोंडात चिमटा घालून मागणी घालणं त्याला बरं वाटेना. उपचार संपू देत, मग बोलू, असं त्याने ठरवलं. उपचार संपले. तारा निघाल्या. अनुजाने आरशात पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. विश्वजितने घसा खाकरला आणि जे बोलायचं होतं त्याच्या बरोबर उलटं बोलला, "आता यायची गरज नाही."

"बरं," ती म्हणाली. "...मग येत नाही."

आणि ती खरंच आली नाही.

आता विश्वजितकडे तिचे फोटो तेवढे उरले. ते तो रोज बघायचा. म्हणायला, कामाचा दर्जा तपासायला. आपल्याला जे आवडलं ते चौकात दहा फुटी करून टांगायचं, हा आमच्या शहराचा आजार. इथं गल्लीतल्या कुत्र्याच्या वाढदिवसालाही बोर्ड लागतो. दवाखान्याचा वर्धापनदिन आला तेव्हा या आजाराने डॉक्टरलाही गाठलं. त्याने अनुजाचे दोन फोटो निवडले, ‘आधी’ आणि ‘नंतर’. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे डोळ्यांवर काळी पट्टी मारली आणि सीडी आकारामच्या हाती दिली. आकारामचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं.

आदल्या संध्याकाळी बोर्ड लागला. सकाळी तो कोपऱ्यावर पोचला, तर बोर्डाखाली अनुजा उभी. त्याला आनंदच झाला. जवळ जाऊन तो म्हणाला, "कसा वाटला बोर्ड?"

ती वर बघत राहिली. मग त्यानेही वर पाहिलं. दोन्ही फोटोंत काळी पट्टी नव्हती. दोन्ही फोटोंत अनुजाने काळा गॉगल घातला होता. आणि ‘आधी’च्या गॉगलखाली, छापखान्याला शक्य तितके पांढरे आणि उसाच्या कांड्याएवढे लांब, तिचे जुने दात.

"खाली मान घालून चालायची सवय नसती, तर कालच दिसला असता," ती म्हणाली आणि क्लासला गेली.

क्लासमध्ये मागच्या बाकावरून कुणीतरी अगदी मनापासून म्हणालं, "मॅडम, गॉगल लई भारी हाय." टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं. तिने तो सगळा तास फळ्याकडे तोंड करून शिकवला. लाज नेमकी कशाची वाटते तेच तिला कळेना. दातांची, गॉगलची... की तो फोटो एकच माणूस बघतो आहे, या कल्पनेवर आपण इतके महिने खूष होतो, त्याची? दुसऱ्या दिवसापासून तिने रजा घेतली.

विश्वजितने शिडी आणली आणि भर बाजारात स्वतः बोर्ड उतरवला. रिक्षावाले सूचना देत होते. तो घामाने आणि शरमेने भिजून आकारामकडे गेला.

आकाराम शांत होता. "डॉक्टर, पट्टी मारल्यावर बाई पोलिसांनी धरल्यागत दिसाय लागली की. म्हणून गॉगल घातला. वर पैसं बी घेतलं न्हाईत."

विश्वजितने फाईल पुसायला लावली. आकारामने पुसली, आणि सहज म्हणाला की जयसिंगपूरच्या एका दातवाल्या डॉक्टरला दिली होती. आणि वारणानगरच्या चष्म्याच्या दुकानाला. "त्यांस्नी गॉगल पसंत पडला."

बोर्ड फाडता येतो. फोटो फाडता येत नाही, हे विश्वजितला जयसिंगपूरच्या रस्त्यावर कळलं. तिथल्या डॉक्टरने कुरकुरत बोर्ड उतरवला. वारणानगरचा चष्मेवाला ऐकेना. त्याने विचारलं, "बाई कोण लागती तुमची?"

पेशंट, असं विश्वजितच्या ओठांवर आलं. पण उपचार संपले होते. दुसरं काही ती लागत नव्हती, आणि जे लागावी असं वाटत होतं ते सांगायचा तोंडाला हक्क उरला नव्हता. "कोणी नाही," तो म्हणाला. "पण चूक माझी आहे." त्याच्या चेहऱ्याकडे बघून चष्मेवाल्याने मुकाट शिडी काढली.

अनुजा क्लासला परत यायला लागल्याचं कळलं, तेव्हा दुपारी तो तिथला जिना चढला. मुलं अजून यायची होती. तो दारातच उभा राहिला. सापडले ते बोर्ड काढले, असं त्याने सांगितलं. आणखी कुठं असतील तर माहीत नाही, आणि कधी कळेल असंही नाही.

"मी डोळे झाकले होते," तो म्हणाला. "पुस्तकात तसंच दिलंय."

"माझे डोळे कोण बघतंय? सगळं कोल्हापूर मला दातांवरून ओळखतं."

तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी विचारलं असतं, तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अर्थात."

"म्हणूनच विचारलं नाही."

हे बोलल्यावर त्याला वर बघवेना. अनुजा मात्र पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघत होती. बाहेर पावसाची बारीक भुरभुर लागली होती.

"आता एक विचारायचंय," तो म्हणाला. "नाही म्हणालात तरी चालेल... लग्न कराल माझ्याशी?"

"नाही."

"बरं," विश्वजित म्हणाला. का, ते विचारलं नाही. वारणानगरची शिडीही बोलून दाखवली नाही. वळला आणि जिना उतरला. तो रस्त्यावर पोचल्यावर वरच्या गॅलरीतून हाक आली, "डॉक्टर."

त्याने वर पाहिलं.

"नाही म्हटल्यावर तुम्ही काय करता, तेवढं बघायचं होतं."

"मग...?"

"मग उद्या परत विचारा. असं रस्त्यात नको, कुणी नसताना. आणि काय उत्तर मिळालं, ते कुणाला सांगायचं नाही."

विश्वजितने हे इतकं मनावर घेतलं, की लग्न ठरल्याचं त्याच्या आईला शेवटी अनुजाच्या आईकडून कळलं.