उजवा खिसा

ते दार जरा लोटून घ्या. आणि ऐकताना तोंडात काही टाकू नका, नंतर मला दोष द्याल.

ही गोष्ट माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाची. आम्ही त्याला साबण म्हणायचो. एका फायलीला हात लावला की हा उठून हात धुणार, बसचा दांडा रुमाल गुंडाळून धरणार. असा माणूस दुसऱ्याचा उतरलेला कोट अंगात घालेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण त्याची बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. नुकती कुठं हिंडू-फिरू लागली होती, तेवढ्यात आमच्या ऑफिसच्या नाचाच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. विषय होता महायुद्धाचा काळ. ऐंशी वर्षांपूर्वीचे कपडे करून जोडीनं यायचं. वहिनींनी वर्षात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आपण जाऊ या म्हणाल्या. आता हा नाही कसा म्हणणार?

वहिनींनी जुना पडदा फाडून फुगीर खांद्यांचा झगा शिवला. त्या काळी विलायतेत लांब रेशमी मोजे मिळत नसत म्हणून बायका पोटरीवर पेन्सिलीनं मोज्याच्या शिवणीसारखी रेघ काढायच्या, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्याचाही सराव झाला. साबणाला बूट मेहुण्याचे मिळाले, टोपी नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडून. राहिला कोट. तो सापडला बाजारामागच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. अस्सल लष्करी, जाड लोकरीचा.

आणि किळसवाणा. कॉलरच्या घडीत कोणाच्या तरी मानेचा पिवळा मळ बसलेला, नखानं खरवडला तर मेणासारखा निघावा असा. काखेत लोकर चिकटून पुठ्ठ्यासारखी कडक झालेली. वास ओल्या कुत्र्याचा आणि शिळ्या मलमाचा. साबण दुकानाबाहेर जाऊन दोनदा थुंकून आला. पण कोट अंगात असा बसला की जणू त्याच्याच मापानं बेतलेला.

त्यानं तो सात पाण्यांत धुतला. सातव्या पाण्यावरही चरबीचा तवंग होता. मग आठवडाभर कडक उन्हात टाकला आणि शिंप्याकडे नेला. शिंप्यानं उलटसुलट करून पाहिलं. उजवा खिसा जाड दोऱ्यानं शिवून बंद केला होता, वेडेवाकडे टाके घालून, घाईघाईत. साबण म्हणाला, उसवून टाका, रुमाल ठेवायला जागा नको का? शिंप्यानं टाके कापले, आत दोन बोटं घातली, आणि लगेच काढून पँटला पुसली.

“आतून ओला आहे हो,” एवढंच बोलला.

चार वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर होतं. वहिनी नाचत होत्या आणि हसत होत्या. वर्षभरानं हसत होत्या, पोरांनो.

त्यांचा एक हात साबणाच्या पाठीवर. तो ओला लागला. घाम असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी तळवा पाहिला. पिवळट... चिकट. जखमेवरची पट्टी काढल्यावर निघतं, तसं.

“अहो, तुम्हाला घाम येतोय?”

“नाही गं. थंडी वाजतेय.”

हात पुसायला त्यांना रुमाल द्यावा म्हणून त्यानं उजव्या खिशात हात घातला.

खिशात हात होता.

दुसरा...

ओला. मऊ. फार वेळ पाण्यात राहिलेल्या कातडीसारखा. बोटांत बोटं गेली. आणि त्या हातानं याचा हात धरला.

मी बघत होतो. जोड्या भोवती फिरताहेत. हा मधोमध उभा. हात खिशात. तोंड उघडं... आवाज नाही.

परवापरवापर्यंत ज्या बाईला भरलेला पेला उचलवत नव्हता, तिनं त्याचं मनगट धरलं, पाय रोवले, आणि ओढलं. हात बाहेर आला तेव्हा आवाज झाला. चिखलातून पाय निघताना होतो ना... तो. मी तिथंच ओकलो. खोटं कशाला सांगू?

कोट आम्ही हॉलच्या मागच्या अंगणात जाळला. पेटता पेटेना. शेवटी रॉकेल ओतलं. मांस करपावं तसा धूर निघाला. वहिनी शेवटपर्यंत समोर उभ्या राहिल्या. आज दोघंही ठणठणीत आहेत, नाचायला मात्र पुन्हा गेले नाहीत.

एक राहिलं. त्याची मूठ. ती उघडेना.

तसंच त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एकेक बोट सोडवलं. तळव्यावर दाढ होती. तंबाखूनं काळवंडलेली, मुळाला मांसाचा धागा. बाईंनी ती चिमट्यानं उचलून उजेडात धरली.

“ही आत्ता पडलीय,” त्या म्हणाल्या. “रक्त ताजं आहे. तोंड उघडा.”

त्यांनी साबणाचे दात मोजले. परत मोजले. मग वहिनींचे. मग माझे. शेवटी भिंतीवरच्या आरशापाशी जाऊन स्वतःचे...

एकाचाही कमी नव्हता.