केशर घर सोडून जाते

योगिनी आणि राजरत्न भेटले ते समोशापायी. ठाण्यात नवलेखकांची कार्यशाळा होती, विषय ‘लिटररी एजंट, म्हणजे पुस्तक प्रकाशकापर्यंत नेणारा मध्यस्थ, कसा मिळवावा’. मधल्या सुट्टीत ताटलीत एकच समोसा उरला आणि दोन हात एकदमच पुढे आले.

“घ्या तुम्ही. लेखकांना भूक जास्त,” तो म्हणाला.

“आणि तुम्ही कोण?”

“अनुवादक. आम्ही उष्ट्यावर जगतो.”

ती खळखळून हसली. समोसा अर्धा अर्धा झाला.

तिची मराठी कादंबरी लिहून तयार होती. दिल्लीच्या एजंटांना मात्र गोषवारा आणि पहिली तीन प्रकरणं इंग्रजीत हवी असत. ते काम राजरत्नने घेतलं. दर रविवारी ती डोंबिवलीहून यायची, तो कल्याणहून. ठाण्यातल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर बसायचे. पाऊस भुरभुरला की छत्री लॅपटॉपवर, खांदे पावसात.

“तुझी ही नायिका, केशर, फार कडू बोलते गं.”

“कडूच आहे ती. शेवटी घर सोडून जाते. वळूनसुद्धा बघत नाही.”

“तूही तशीच?”

“मी? माझ्याच्याने डोंबिवली सुटत नाही, अन् म्हणे...”

तो हसला नाही. इंग्रजी गोषवारा पाठवायच्या दिवशी नजर चुकवत म्हणाला, “एकदा वाचून बघतेस?”

“तुझ्यावर सोडलंय ना रे.” आजवर इतक्या प्रेमाने ती कुणाशीच बोलली नव्हती.

नकार येऊ लागले. प्रत्येक नकाराला तो कुल्फी खिलवायचा. “असंच चाललं तर डायबिटीस होईल मला,” ती म्हणायची, आणि त्याच्याही कुल्फीचा घास घ्यायची.

मग जिच्यावर सगळी भिस्त होती, त्या दिल्लीच्या एजंट विनिताबाईंचा मेल आला. लेखन आवडलं होतं. पण नायिका शेवटी घरातच राहते, तिथे गोष्ट विझते, असं त्यांनी लिहिलं होतं. एकदा नाकारलेली कादंबरी त्या पुन्हा पाहत नाहीत, हेही.

योगिनीने कट्ट्यावरच त्याचा लॅपटॉप ओढून पाठवलेला गोषवारा उघडला. शेवटच्या परिच्छेदात केशर बॅग घेऊन दारापर्यंत जात होती... आणि परत येऊन चहा टाकत होती.

“राजा, ही उंबऱ्यावरून परत कशी आली?”

“ती बोलायची तेव्हा मला तुझाच आवाज यायचा. वाटलं, ही गेली तर... नाही जाऊ देता आलं मला.”

“मग ‘जाऊ नकोस’ असं मला म्हणायचंस! केशरला कशाला अडवलंस?”

“म्हटलं असतं तर थांबली असतीस?”

“थांबले असते,” ती म्हणाली, “तेव्हा.”

“मी आजच दुरुस्त करून—”

“नको. माझं इंग्रजी मोडकं आहे, पण केशरला दार उघडून देईल.”

ती भुरभुरत्या पावसात निघाली. कोपऱ्यावर पाऊल अडखळलं. केशर वळली नव्हती; योगिनी वळली. मिटलेली छत्री हातात धरून तो भिजत उभा होता. त्याचे ओठ हलले. ती थोडी थांबली... अजून थोडी...

‘जाऊ नकोस’ काही आलं नाही. ती कोपरा ओलांडून स्टेशनच्या वाटेला लागली.