ओर्सोलाचा उजवा गाल

"बाई, गास्पारेंचं घर कुठलं?" धुक्यातून आवाज आला.

क्रेमोनात त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की समोरचा माणूस अंगावर आदळेपर्यंत दिसत नव्हता. चर्चमधून परतणारी ओर्सोला थबकली. उजव्या गालावरची ओढणी तिने सवयीने घट्ट केली.

"कुठले गास्पारे? धान्यवाले?"

"तेच. त्यांच्या लेकीचं चित्र काढायचंय, स्थळाकडे पाठवायला. फार देखणी आहे म्हणे."

"कोण म्हणतं?"

"तिचे वडील."

"मग असेलही... गहूसुद्धा ते असाच विकतात. पोत्याचा वरचा थर दाखवून."

तो मोकळेपणी हसला. तो चित्रकार ताद्देओ होता. आपल्याच बापाचं माप काढणारी हीच ती नवरी, हे त्याला घराच्या दारात कळलं. तेव्हा तो लाजला. ओर्सोलाला मात्र कितीतरी दिवसांनी मजा वाटली.

आमच्याकडे नवरीचं चित्र बाजूनेच काढतात. कुलीन मुलीने चित्रातूनसुद्धा परपुरुषाकडे बघू नये म्हणून. गास्पारेंना ही रीत देवानेच धाडल्यासारखी वाटली. लहानपणी उकळतं दूध सांडून ओर्सोलाचा उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला होता, आणि ज्याच्याकडे चित्र जायचं होतं त्या ब्रेशियातल्या विधुर वकिलाला, बेर्तोल्दोला, हे कुणी सांगितलं नव्हतं. "डावीकडूनच काढा," गास्पारे म्हणाले, "उजवीकडे उजेड बरा नाही."

मग दोन महिने ओर्सोला भिंतीकडे बघत बसली आणि ताद्देओ तिच्या डावीकडे. कोपऱ्यात झानेत्ता आत्या जपमाळ ओढत असे.

"मान हलवू नका."

"नाकावर माशी बसलीय."

"या थंडीत? बसू दे. तीही काढतो... सासरी ओळख पटायला बरी."

"आणि तुम्ही कसे दिसता, ते मी कुणाला विचारू? त्या दिवशी धुकं होतं, आणि येताना-जाताना पाठच दिसते तुमची."

"पाठच बरी आहे माझी. आईसुद्धा हेच म्हणते."

आत्या खोकली. ओर्सोलाने ओठ दाबून हसू गिळलं. त्याला न बघताच ती त्याला ओळखायला लागली होती – अक्रोडाच्या तेलाचा वास, कुंचला धुताना पुटपुटणं, ती गप्प झाली की त्याचंही थांबणं. त्याच्यावर तिचा जीव जडला होता, आणि तेच तिला खात होतं. बिचारा अर्ध्या चेहऱ्यावर भाळलाय... उरलेला अर्धा दिसला तर?

चित्र पुरं झालं. गास्पारे खूश होऊन बाहेर गेले. ओर्सोलाने ओढणी काढली, आणि वळून थेट त्याच्याकडे बघितलं.

ताद्देओने कुंचला खाली ठेवला. मग म्हणाला, "कशाने?"

"दुधाने."

"दुखतं?"

"थंडीत ओढल्यासारखं होतं." तिने ओढणी घडी करून ठेवली. "आता हे काढा. सगळं. आणि ब्रेशियाला हेच पाठवा."

"तो नकार देईल."

"देऊ दे."

"तुमचे वडील मठात टाकतील तुम्हाला."

"त्याआधी एखादा रंगारी मागणी घालायला आला तर... नाकारलेल्या मुलीसाठी बाबा फार आढेवेढे घेणार नाहीत."

ताद्देओचे कान लाल झाले. "मी हे तुमच्यासाठी काढीन की स्वतःसाठी, मलाच कळणार नाही."

"दोघांसाठी काढा."

दोघांनी कोपऱ्याकडे बघितलं. "माझ्याकडे काय बघता?" आत्या म्हणाली. "मला दोन हातांपलीकडचं दिसत नाही. चित्राला शेवटचा हात द्यायचाय, एवढं मी घरात सांगेन."

नऊ दिवस ओर्सोला त्याच्याकडे बघत बसली. मनसोक्त बघितलं तिने. ब्रेशियाच्या पेटीत गेलं ते हे चित्र, आणि बाजूने काढलेलं ताद्देओच्या घरी भिंतीला तोंड करून उभं राहिलं. पुढे या चित्राचं भारी नाव झालं. जाणकार अजून भांडतात – नवरीने समोर का बघावं? डाग मिटवायचा सोडून एवढा जीव लावून कोण रंगवतं? आणि ती बघतेय कुणाकडे? आत्याला कुणी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी बेर्तोल्दोचं पत्र आलं. गास्पारेंनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं.

"आणखी पाच घरांतून चित्रं आली. पाची मुली बिनडागाच्या, आणि पाचींचे डोळे रिकामे. तुम्ही एकट्यांनी खरं ते पाठवलंत. ही मुलगी ज्या नजरेने बघते, तसं आयुष्यात एकदा माझ्याकडे कुणी बघावं, एवढंच मला हवंय. लग्न पक्कं समजा. अर्धाच हुंडा द्या."

कुठला डाग आणि कसलं खरं, हे गास्पारेंना आधी उमगेना. उमगलं तेव्हा त्यांनी लेकीकडे रागाने बघितलं. पण अर्ध्या हुंड्यापुढे राग किती टिकणार? संध्याकाळपर्यंत आपल्या प्रामाणिकपणाच्या गोष्टी ते गल्लीभर सांगत होते. त्यांनी शब्द दिला. ताद्देओ दुसऱ्या दिवशी मागणी घालायला आला, तेव्हा त्याला पायरीवरूनच परत पाठवलं.

निघायच्या सकाळी तो वेशीपाशी उभा होता. खेचरं तयार होती. आत्याला नेमकं तेव्हाच खोगिराचा पट्टा तपासायचं सुचलं.

"मला थोडं वाईट काढायचं होतंस," ओर्सोला म्हणाली.

"तीनदा प्रयत्न केला."

"मग?"

"हात ऐकेना." त्याने मान खाली घातली. "ओर्सोला... माझा तुझ्यावर जीव आहे. हे पहिल्या दिवशी तुझ्या वडिलांना सांगायला हवं होतं. मी ते रंगवत बसलो, आणि रंगवून दुसऱ्याच्या घरी पाठवलं."

"माझाही तुझ्यावर आहे," ती म्हणाली. "तेच बघून त्याने होकार दिला."

ताद्देओने तिला खेचरावर चढायला हात दिला, आणि तो सोडायला दोघांनाही जड गेलं.

ब्रेशियाची वाट दीड दिवसाची. ओर्सोला जवळजवळ वाटभर रडली. आत्या शेजारच्या खेचरावर होती, आणि तिने एकदाही उगी म्हटलं नाही.