धाकटीच्या वाट्याचं घर

खाणीसाठी आमचं गाव उठवायचं ठरलं तेव्हा प्रत्येक चुलीमागे एक घर मिळेल असं जाहीर झालं. आमच्याकडे चूल एकच, माणसं तीन: मी, माझे हे आणि माझी विधवा धाकटी जाऊ. मोजणीवाले येण्याच्या आदल्या दिवशी ह्यांनी घराच्या मधोमध कच्च्या विटांची भिंत घातली. एकाची दोन कुटुंबं झाली. गावात बहुतेकांनी तेच केलं. गडबडीत भिंत जरा सरकली आणि चूल धाकटीच्या बाजूला गेली. मी माझ्याकडे तीन दगड मांडून वर पातेलं ठेवलं.

"अगं, मोजणीपुरतंच आहे," हे म्हणाले.

मोजणीपुरतंच होतं. पण लग्न होऊन आल्यापासून मी सारवलेली चूल तिच्या नावावर लागली, हे मला खुपलं ते खुपलंच.

नव्या वसाहतीत आम्हाला शेजारशेजारची घरं मिळाली. मधली भिंत सामाईक. पांढरा रंग, गुळगुळीत फरशी, दाराला जुन्या घरच्या साखळीऐवजी कडी, दुपारी तव्यासारखी तापणारी स्लॅब. जमीन गेलेला माझा नवरा दिवसभर खुर्चीत बसून पंख्याकडे बघायचा. विचारलं तरी "हूं", नाही विचारलं तरी "हूं".

धाकटीकडे साखर मागायला गेले, तर आत पाऊल टाकताच गारवा लागला. सारवलेल्या जमिनीचा असतो तसा, तळव्यांतून वर चढणारा.

"कूलर घेतलास की काय गं?"

"नाही हो, ताई."

खाली फरशीच होती. वास मात्र राखेचा आणि ओल्या मातीचा. स्वयंपाकघराचं छत धुरानं काळं पडलेलं.

"लाकडं जाळतेस?"

"मी आत स्वयंपाकच करत नाही," ती म्हणाली. "शेगडी बाहेर ओट्यावर ठेवलीय."

दुसरी कुणी असती तर घाबरली असती. मला राग आला. आमचं घर आमच्यामागे इथवर आलं, आणि शिरलं कुठे, तर हिच्याकडे!

मी शिवणकाम करते. टेप नेऊन तिचं स्वयंपाकघर मोजलं. माझ्याकडे जो टेप पुरून उरला होता, तो इथे कमी पडला. पुनर्वसनाच्या साहेबांकडे तक्रार केली. त्यांनी येऊन दोन्ही घरं बाहेरून मोजली. सारखीच.

"बाई, शेजारणीची खोली सगळ्यांनाच मोठी दिसते," म्हणाले, आणि हसत हसत आत गेले. लगेच बाहेर आले. हसू राहिलं नव्हतं.

"तुमचं जुनं घर पाडलं ना?"

"पाडलं की. तिथे आता खड्डा आहे."

"मग ठीक," असं म्हणून ते गाडीत जाऊन बसले.

पुढे भिंतीपलीकडून केरसुणीचा आवाज येऊ लागला. मग गुणगुणणं. काम करताना मी गुणगुणते तेच, सूर चुकतो तिथेच चुकणारं.

"माझी नक्कल करतेस होय गं?" मी धाकटीला गाठलं.

"मी घरात नव्हते, ताई. दळण आणायला गेले होते."

मला ते पटलं नाही, कारण ह्यांनी खुर्ची पंख्याखालून उचलून त्या भिंतीला लावली होती. कान भिंतीशी, डोळे मिटलेले, ओठांवर हसू. माझ्यासाठी कधीपासून आलं नव्हतं ते हसू! गारवा तिचा, चूल तिची, आता हेही?

"आपण घरं बदलू," मी म्हटलं.

धाकटीनं एका शब्दानंही हुज्जत घातली नाही. भांडीसुद्धा तशीच सोडून निघाली.

"घ्या, ताई. फक्त फार वेळ घर सोडून जाऊ नका."

"का? तू परत शिरशील?"

"मी नाही," ती म्हणाली.

तिकडे गेल्यावर हे बोलायला लागले. पोटभर जेवायला लागले. मला पुन्हा "अगं" म्हणायला लागले. मी सुखानं दमले.

एकदा बाजारातून आले आणि ताट घेतलं, तर हे म्हणाले, "पुन्हा? आत्ता तर तूच वाढलंस."

ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. मी घालते तसं, कडा भिंतीला टेकवून.

त्यानंतर मी बाहेर जाणं कमी केलं. तरी पाणी भरायला नळावर जावंच लागे. परतताना पाय आपोआप भरभर पडायचे. स्वतःच्याच घरात कुणाला तरी रंगेहाथ पकडायला निघाल्यासारखे.

परवा दुपारी आले तर दार बंद.

आत हे हसत होते. मोकळं, गडगडाटी.

"बाहेर कोण आलंय बघा हो," आतली बाई म्हणाली.

आवाज तरुण नव्हता. गोडही नव्हता. माझाच होता, घोगरा.

"कुणी नाही गं. तू बस."

मी दारावर हात ठेवला. लाकूड गार होतं.

"अहो," मी म्हटलं, "मी आहे."

पावलं दाराशी आली.

मग आतून साखळी चढवल्याचा आवाज आला. वसाहतीतल्या एकाही दाराला साखळी नाही.