पाय धू, मग आत ये

दिवेलागणीला सकुबाई तेलाची बाटली आणि काडेपेटी पदराआड धरून शेजारच्या घरी जायची. शेजार म्हणजे देवरामदादांचं घर, मधे नुसतं एक चिंचेचं झाड. कुलूप काढायचं, देवापुढे दिवा लावायचा, पुन्हा कुलूप घालायचं, एवढंच काम. दादांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा एकुलता एक हरेश चौदा वर्षं मस्कतला, बायको प्रियांका आणि मुलगी कुणालीही तिकडेच. मग दिवा लावणार कोण? चावी सकुबाईकडे. गावातल्या अर्ध्या घरांच्या चाव्या आणि उरलेल्या अर्ध्यांच्या बातम्या तिच्याकडे असतात, असं तिचा नवरा शाम म्हणायचा. म्हणू दे. कोणाच्या घरात चूल पेटली नाही हे बघायलाही कोणीतरी लागतंच की.

पण त्या घरात दिवा लावल्यावर ती क्षणभरही टेकत नसे. त्याला कारण होतं, आणि ते तिनं शामलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दादांचा जीव चार दिवस अडकला होता. अन्न नाही, पाणी नाही, मान वळत नव्हती, फक्त डोळे दाराकडे. जो तो म्हणे, पोराची वाट बघतायत. पोराचा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला, तो यायचा कसा? चौथ्या दिवशी भर दुपारी सकुबाईनं त्याला फोन लावला.

"हरेश, तू नुसतं म्हन, बाबा, मी आलो."

"काकी, असं खोटं कसं बोलू?"

"अरे, तेंचा जीव सुटंना. बघवत नाय रे. म्हन तू."

तिनं फोनचा आवाज मोठा केला आणि तो दाराबाहेर पायरीवर ठेवला, पाय धुवायच्या तांब्याशेजारी. आवाज दारातून आल्यासारखा वाटला पाहिजे ना!

"बाबा... मी आलो," पायरीवरून हरेशचा आवाज आला.

चार दिवस न हललेली मान हलली. "आलास?" दादा म्हणाले. "पाय धू. मग आत ये."

कोणाला सुचलं नसतं ते सकुबाईला सुचलं. तिनं हळूच बाहेर जाऊन तांब्या कलता केला. दगडावर पाणी पडल्याचा आवाज झाला. दादा ऐकत होते. मग त्यांची नजर दारापासून निघाली आणि पावला पावलानं, कोणी चालत यावं तशी, खाटेपर्यंत आली. ते कसेबसे भिंतीकडे सरकले, शेजारी जागा केली. "बस," म्हणाले.

सुंभाची खाट करकरली. जमलेल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. सकुबाईच्याही. पण तिला एक दिसलं, बाकी कोणाला दिसलं नाही. दादा ज्या बाजूला नव्हते, त्या बाजूची सुंभं खाली गेली होती.

घटकाभरात दादा गेले. बाहेर पायरीवर विसरलेला फोन तसाच बोलत होता. "हॅलो? काकी? हॅलो?"

बाराव्यापर्यंत काही झालं नाही. मग एका संध्याकाळी तांब्या आडवा पडलेला दिसला. कुत्र्यानं पाडला असेल. पण पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं होती. आत जाणारी. बाहेर येणारं एकही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तसंच. मग रोजच. पुढे पुढे कुलूपबंद घरातून भाजलेल्या बोंबलाचा वास यायला लागला. हरेश लहान असताना दादा त्याला निखाऱ्यावर बोंबील भाजून द्यायचे, तसाच वास. चूल तर वर्षभर थंड होती, सकुबाईनं हात लावून पाहिलं होतं.

एकदा भिंतीला कान लावायचा मोह तिला आवरला नाही. आत बोलणं चाललं होतं. एक आवाज म्हातारा, एक तरणा. खाचराचा बांध कुठं फुटला, या वर्षी कोणतं भात लावायचं, असलंच साधं बोलणं. तिच्या अंगावर काटा आला, हे खरं. पण खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. म्हातारा एकटा नव्हता.

हरेशला मात्र तिनं यातलं अक्षरही सांगितलं नाही. कारण त्याचं मन तेव्हा दोन्हीकडे ओढलं जात होतं. दर शुक्रवारी त्याला सुट्टी, त्या दिवशी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा.

"काकी, कंपनी अजून दोन वर्षांचा करार देतेय. या महिन्यात सही करायची आहे. इकडे कुणालीची शाळा आहे, पगार बरा आहे. आणि तिकडे येऊन मी करणार काय?"

"काय करनार? घर उघडशील. चौदा वर्सं लोकांची घरं बांधलीस तू तिकडं."

"प्रियांका म्हणते, आता तिथं आपलं कोण आहे?"

"आमी मेलो काय रे?" सकुबाई चिडलीच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "घर तुजी वाट बघतंय, हरेश."

हे शेवटचं वाक्य खरं नाही, हे तिला म्हणतानाच कळत होतं. ते घर कोणाचीच वाट बघत नव्हतं. पण पोरगं परत यावं, दादांच्या अंगणात कुणालीनं धावावं, असं तिला फार वाटे. तिनं ते वाक्य दर शुक्रवारी म्हटलं. आणि एका शुक्रवारी हरेश म्हणाला, "काकी, मी राजीनामा दिला. व्हिसा रद्द करून येतोय. आधी मी, परीक्षा झाली की या दोघी."

भाताची कापणी चालू होती तेव्हा तो आला. मुरबाडहून जीप करून, उन्हं उतरायच्या वेळेला. केस कानाशी पिकलेले, हातात भलीमोठी निळी बॅग. सकुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायांवर पाणी घालायला तांब्या भरून पायरीवर ठेवला.

"काकी, आधी दार तर उघडा. चौदा वर्षांनी घरी आलोय," तो हसून म्हणाला.

सकुबाईनं कुलूप काढलं. दार ढकललं. उघडेना.

तिनं पुन्हा ढकललं. हरेशनं खांदा लावला. आतून कडी होती. मागचं दार तर दादांच्या हयातीतच खिळे मारून बंद केलेलं.

"आत कोण आहे?" हरेशनं विचारलं. फटीतून बोंबलाचा वास येत होता.

हरेशनं दार वाजवलं.

आत खाट करकरली. आणि मग एक आवाज आला, अगदी सहज, जेवता जेवता बोलावं तसा. "बाबा, दारात कोनतरी आलंय."

हरेशचा हात दारावरच राहिला. तो आवाज त्याचा होता. मस्कतला जायच्या आधीचा, पंचवीस वर्षांच्या पोराचा.

"कोन हाय रे?" म्हाताऱ्या आवाजानं विचारलं.

"कोन नाय बाबा. तुमी जेवा."

"काकी..." हरेश कुजबुजला. "बाबांचा आवाज आहे हा... काकी, हे काय आहे?"

सकुबाई मटकन पायरीवर बसली. आता लपवून चालणार नव्हतं. नोकरी सोडून, व्हिसा रद्द करून पोरगं तिच्या शब्दावर दारात उभं होतं, आणि त्याची आतली जागा तिनंच दुसऱ्या कोणाला तरी दिली होती. तांब्या कलता करून. तिनं सगळं सांगितलं, ओली पावलं, वास, बोलणं. हरेश ऐकत राहिला. रागावला नाही. त्यानं रागवायला हवं होतं.

मग ती उठली. दाराला तोंड लावून म्हणाली, "दादा, मी सकू. माज्याकडनं चूक झाली. त्या दिवशी हरेश आला नव्हता. तो फोन होता, दादा. पानी मी ओतलं. तुमचा पोर आज आलाय. हा बाहेर उभा हाय."

आत सगळं थांबलं. मग दादांचा आवाज आला. इतका घाबरलेला आवाज त्यांनी जिवंतपणी कधी काढला नव्हता.

"सकू... मंग माज्याजवळ बसलाय, तो कोन?"

आणि कडी निघाली.

दार वीतभर उघडलं. आत अंधार. सकुबाईनं हरेशची बाही घट्ट धरली. "नको जाऊ. वाशिंदला खोली घे, माज्या घरात ऱ्हा, पन आत नको जाऊ, बाबा..."

"ते घाबरलेत, काकी," हरेश म्हणाला. "तेव्हा आलो नाही. आता तरी जाऊ दे."

त्यानं बूट काढले. तांब्या उचलून पायांवर सगळं पाणी ओतलं, लहानपणी शिकवलं होतं तसं, टाचासुद्धा घासून. बॅग पायरीवर ठेवून ओल्या पायांनी आत गेला. दार मिटलं.

खाट एकदाच करकरली. बाकी काही नाही. ना ओरडणं, ना झटापट. सकुबाई चिंचेला टेकून देवाचं नाव घेत राहिली. अंधार पडू लागला तसं दार सताड उघडलं आणि हरेश बाहेर आला. तेच कपडे, तेच कानाशी पिकलेले केस. चेहरा हसरा.

"आलास रे बाबा!" तिचा जीव भांड्यात पडला. "दादा...?"

"निजलं आता. दमलं होतं." तो पायरीवर येऊन उभा राहिला. त्याचे पाय कोरडे ठणठणीत होते, बोटांच्या बेचक्यांत धूळसुद्धा होती. त्यानं खाली पाहिलं. निळी बॅग पाहिली, जोडीनं ठेवलेले बूट पाहिले, आणि निवांत विचारलं,

"काकी, ही बॅग कोनाची गो?"

उत्तराला न थांबता तो आत वळला. सारवलेल्या जमिनीवर मघाची ओली पावलं अजून वाळली नव्हती. आत गेलेली. त्यांच्यावरून तो चालत गेला. दार लागलं, कडी बसली.

तेवढ्यात बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात फोन वाजायला लागला. वाजत राहिला. शेवटी सकुबाईनं काढून कानाला लावला. मस्कतहून कुणाली होती.

"पप्पा, पोहोचलात का? मम्मी विचारतेय."

"मी सकुआजी हाय गो, बाय."

"आजी, पप्पा घरी आले ना?"

सकुबाईनं बंद दाराकडे पाहिलं. पायरीवरच्या रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. लेकराला काय सांगणार? तिच्या तोंडून पुन्हा तेच निघालं.

"आला गो. आला तुजा बाप घरी."

तिनं फोन बंद केला, बॅगेत ठेवला, बॅगेची चेन ओढली. उठायला पायरीला हात टेकला, तोच कानावर आलं. दाराच्या अगदी पलीकडून, उंबऱ्याच्या उंचीवरून, कोणीतरी विसरून ठेवल्यासारखा, हरेशचा बारीक आवाज...

"हॅलो? काकी? ...हॅलो?"