रिकामी गिरणी

गिरणीवाल्याच्या पापण्यासुद्धा पिठाने पांढऱ्या झालेल्या बघून नवी नर्सबाई फिसकन हसली.

"हसा, हसा!" तो म्हणाला. "बायांच्या बैठकीला सभागृहाची किल्ली दिली नाही ना कुणी?"

"पाळीबद्दल बोलते ना मी... शोभत नाही म्हणे!"

गाईचे दिवस चौकात बोटांवर मोजणारं गाव ते. बायकोचे दिवस म्हटलं की लाजेने मेलं! खरी मेली ती गिरणीवाल्याची थोरली बहीण, सहाव्या बाळंतपणात. पाळणा थांबवता येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"इथे बोला," तो तिच्या कानाशी वाकला. त्या घरघरीत दुसरा इलाजच नव्हता. "बाया दळणाला येतातच. या आवाजात बाहेर काही जात नाही. दारात मी आहे."

तिचा कान उगाच तापला...

मग दर गुरुवारी डब्यांवर बसून बायका विचारायच्या. गोळी चुकली तर? अंगावरून जातं, ते थांबेल का? ती चित्रं उलगडून सांगायची. तो दारात पाठमोरा. कुणी पुरुष डोकावला की, "काका, बायांचं दळण चाललंय, मग या!"

एका गुरुवारी तिचं लक्ष गेलं. डबे केव्हाच भरून झाकले होते, वरचं दाणे ओतायचं नरसाळं रिकामं होतं आणि गिरणी मात्र चालूच. दगडावर दगड घासत होता.

बायका गेल्यावर ती त्याच्या कानाशी गेली. "रिकामी फिरवता? दगड झिजतात ना?"

"झिजतात."

"कधीपासून?"

"पहिल्या गुरुवारपासून. दळण आधी संपतं हो... बायांचे प्रश्न नंतर सुरू होतात."

"आणि दगड गेले म्हणजे?"

"दगड दुसरे मिळतात," तो म्हणाला. "ताई मिळाली नाही."

त्याने हात लांबवून बटण दाबलं. गिरणी थांबली. चौकातली माणसं वळून बघायला लागली.

"अहो, चालू करा! सगळे ऐकतील..."

"ऐकू देत! ज्याची लाज नाही ते कानात कशाला सांगू? नर्सबाई, तुम्ही मला आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

"करीन!" ती म्हणाली, त्याच्याहून मोठ्याने.

पुढच्या गुरुवारी बायका जमल्या तेव्हा गिरणी बंदच होती. एक म्हातारी दाराकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, त्या गोळीचं परत सांगा. माझ्या सुनेला हवंय."

आता गिरणी विकून कितीतरी वर्षं झाली. घरात चिडीचूप असतं, तरी चहा मागायला तो तिच्या कानाशीच वाकतो.

"अहो, ऐकू येतं मला!" ती फणकारते...

आणि कान पुढे करते.