बल्बला लावलेलं कुंकू

काल संध्याकाळी आमच्या अंगणात एक कोरा करकरीत बल्ब बरोबर वीस मिनिटं जळला आणि 'फट्' असा आवाज करून गेला. बल्ब मोटरसायकलच्या हेडलाइटचा. तो तीस वर्षं डबीत बंद होता, त्याला कुणी हात लावला नव्हता, मग तो वीस मिनिटांत का जावा? सकाळपासून आजोबा तो वाटीत ठेवून भिंगातून बघत बसले होते. निलेशआजोबा म्हणजे काचेचे शास्त्रज्ञ. अंतराळयानांच्या खिडक्यांची काच त्यांनी घडवलेली. काल ते शहरात होते, म्हणून बल्ब बसवायचं काम आत्यानं आणि मी केलं होतं.

मी आजोबांपासून जरा लांबच फिरत होते. त्याचं कारण पुढे येईल. मी चूक कबूल करायला वेळ घेते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, आजच्या काळात पेट्रोलच्या जमान्यातली मोटरसायकल कशाला? तर आमच्या अन्विताआत्याला. ती घाटमाथ्यावरच्या आरोग्यकेंद्रात परिचारिका आहे. एरवी औषधं ड्रोन नेतात आणि माणसांना आपोआप चालणाऱ्या गाड्या नेतात. पण दाट धुक्यात ड्रोन उडत नाहीत. आणि आमच्या जुन्या बोगद्यात दरड कोसळल्यापासून आतले दिवे बंद आहेत, सिग्नलही मिळत नाही, त्यामुळे शहाण्या गाड्या बोगद्याच्या तोंडाशी येऊन गप्प उभ्या राहतात. तिथे आत्याची फटफटीच कामाला येते. आजोबांनी ती उसाच्या इंधनावर चालेल अशी करून दिली आहे. फक्त तिचे बल्ब आता कुठे मिळत नाहीत. घरात दोनच उरले होते, त्यातला एक काल गेला.

दुपारी तीनला आत्याचा फोन वाजला. बोगद्यापल्याडच्या सडेवाडीत कांताकाकूंना घोणस चावली होती. तिथल्या केंद्रातली सापाच्या विषावरची लस संपली होती आणि बाहेर धुकं इतकं की आमचंच फाटक दिसत नव्हतं.

आत्यानं लशीची थंड पेटी पाठीला बांधली. "शालू, दुसरा बल्ब आण," ती म्हणाली. "हेडलाइट पेटल्याशिवाय बोगद्याच्या तोंडाशी पहारा देणारा तो यंत्रमानव मला आत सोडणार नाही. आणि सोडलं तरी आत मला दगड कसे दिसणार?"

मी डबी आणली, पण हातातून सोडली नाही. तेवढ्यात आजोबा भिंग घेऊन बाहेर आले.

"सापडलं," ते म्हणाले. "काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा करपलेला डाग आहे आणि बरोबर त्याच जागी काच फुगून तडकली आहे. शालू, काल बल्ब तू बसवलास ना? कुठे धरला होतास?"

खरं सांगते, क्षणभर वाटलं, डबी द्यावी आणि गप्प बसावं. डाग तो केवढासा. मग डोळ्यांसमोर आत्या आली, मध्येच बोगद्यात अडकलेली, दिवा गेलेला, पाठीवर लस.

"आजोबा, मी त्याला कुंकू लावलं होतं," मी सांगून टाकलं. "घरात नवीन काही आलं की आपण लावतोच ना. फ्रिजला लावलं, पंपाला लावलं, फटफटीला तर दर दसऱ्याला लावतो. म्हणून बल्बलाही लावलं."

"बरं. आणि हा?"

"याला आज सकाळी लावलं. काल नुसतं कुंकू लावलं होतं, हळद राहिली म्हणून बल्ब गेला असं मला वाटलं. म्हणून आज दोन्ही लावलंय. जरा जास्तच." आणि मी रडायला लागले.

आत्यानं डबी उघडली. आत बल्ब एखाद्या नवरीसारखा हळदकुंकू लावून बसला होता. आत्या मटकन पायरीवर बसली. "झालं. शेवटचा होता तो, बाबा."

आजोबांनी बल्ब त्याच्या धातूच्या बुडाशी धरून उचलला आणि भिंगातून बघितला. "हा अजून पेटवलेला नाही ना?"

"नाही."

"मग काही बिघडलेलं नाही. हळदकुंकवानं काच फुटत नाही. ते लावून काच तापवली तर फुटते. अन्विता, तुझ्या पिशवीतला स्पिरिटचा बोळा दे. शालू, रडणं थांबव आणि साबणानं हात धुऊन ये. आत लहान हात लागणार आहेत."

माझ्या जिवात जीव आला. मी हात दोनदा धुतले. रोज सकाळी आत्या माझ्या डोक्याला तेल चोपडते, बोटं अजून तेलकट होती.

आजोबांनी काच तीन वेगवेगळ्या बोळ्यांनी पुसली, तिसरा अगदी पांढरा निघेपर्यंत, आणि स्पिरिट पूर्ण उडू दिलं. आत्यानं किल्ली काढून घेतली, हेडलाइटच्या कडीचे दोन स्क्रू सोडवले आणि दिवा पुढे ओढून धरला. मी मागून तारांचं सॉकेट उपसलं, रबराची टोपी काढली, स्प्रिंगची क्लिप बाजूला केली आणि फुटका बल्ब काढला होता त्या रिकाम्या जागी नवा सरकवला. बुडाला तीन कान असतात. ते तीन खाचांत नीट बसले तरच बल्ब सरळ राहतो. मग क्लिप, टोपी, सॉकेट, स्क्रू. काचेला माझं बोट एकदाही लागलं नाही. आत्यानं गाडी चालू केली. आधी खालचा झोत, मग वरचा. दोन्ही लागले.

आत्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि ती धुक्यात दिसेनाशी झाली. बोगद्यातली दगडमाती चुकवत पलीकडे जायला पंचवीस मिनिटं लागतात. कालचा बल्ब विसाव्या मिनिटाला गेला होता. मी घड्याळ समोर घेऊन बसले.

"पण आजोबा, घरातल्या दिव्यांना हात लावला तर काही होत नाही," मी म्हणाले. मला अजून थोडं भांडायचं होतं.

"कारण ते फारसे तापत नाहीत. हा बल्ब वेगळा. याच्या आत फिलॅमेंट (विजेनं तापून उजळणारी बारीक तार) असते. ती टंगस्टनची (सहज न वितळणाऱ्या एका धातूची) असते. तरी इतक्या उष्णतेत तिचे कण हळूहळू उडतात. जुन्या साध्या बल्बमध्ये ते काचेवर जाऊन बसायचे. काच काळी पडायची आणि तार झिजून तुटायची."

"मग यात?"

"यात थोडा हॅलोजन (आयोडीन, ब्रोमीन यांच्या कुटुंबातला वायू) भरलेला असतो. तो उडालेल्या कणांना काचेजवळ पकडतो आणि पुन्हा तापलेल्या तारेपाशी आणून सोडतो. आपल्या घरात तू पसारा करतेस आणि मागून कुणीतरी एकेक वस्तू जागेवर ठेवत फिरतं, तसं."

"म्हणजे आत्या."

"हो, आत्या. पण हा वायू काच तापलेली असली तरच काम करतो. म्हणून काच लहान आणि तारेच्या अगदी जवळ ठेवतात. ती शेकडो अंशांपर्यंत तापते. साधी काच तिथे टिकत नाही, क्वार्ट्झ (गारगोटीसारख्या खनिजापासून केलेली काच) लागते."

घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

"आता तुझं बोट," आजोबा म्हणाले. "बोटावर तेल असतं आणि घामाचं मीठ असतं. तेल आणि कुंकू जळून काळा डाग होतो. काळा डाग उष्णता जास्त शोषतो, म्हणून तेवढीच जागा भोवतालच्या काचेपेक्षा जास्त तापते. मिठामुळे तिथली काच दुधट आणि ठिसूळ होते. आतला वायू सगळीकडे सारखाच दाबतो, पण कमजोर जागा तेवढी फुगते. मग तडकते. काल हेच झालं."

"मी बोट लावलं नसतं तरी कुंकवानं गेला असता?"

"गेला असता. आणि कुंकू नसतं तरी तुझ्या तेलकट बोटानं गेला असता. तू दोन्ही सोयी केल्या होत्यास."

मी हसले, पण नजर घड्याळावर होती. अठरा. एकोणीस. विसाव्या मिनिटाला आजोबाही घड्याळासमोर सरकून बसले. एकविसावं गेलं. पंचविसावं गेलं. सत्तावीस झाली तेव्हा मला वाटलं, आता आजोबांचा हात धरावा, तर त्यांनीच माझा धरला होता.

एकतिसाव्या मिनिटाला फोन वाजला.

"पोचले," आत्या म्हणाली. "लस टोचली. पडद्यावरचे डॉक्टर म्हणतायत, वेळेत मिळाली. कांताकाकू शुद्धीवर आहेत आणि म्हशीची धार कोण काढणार म्हणून माझ्याशी भांडतायत."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच ओट्यावर आडवी झाले.

"आणि ऐक शालू," आत्या पुढे म्हणाली. "त्या यंत्रमानवानं मला अडवलं होतं. म्हणे, हेडलाइटच्या बाहेरच्या कडीवर लाल आणि पिवळा डाग आहे, हा बिघाड आहे काय? मी खाली वाकून बघितलं. कधी लावलंस गं?"

"तू हेल्मेट घालत होतीस तेव्हा," मी म्हणाले. "बाहेरच्या कडीवर लावलं. ती तापत नाही. आजोबांना विचारून लावलं."

"मग तो काय म्हणाला?" आजोबांनी विचारलं.

"मी त्याला सांगितलं, आमच्याकडे लावतात. त्यानं लिहून घेतलं. आता म्हणे पुढच्या वेळी अडवणार नाही."

रिकाम्या डबीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बुडाशी धरा. काचेला बोट नको. कुंकू बाहेर.' आजोबांनी ते वाचलं आणि वाटीतला फुटका बल्ब माझ्यापुढे सरकवला. काच तापली तरी मिठाला दाद न देणारा मुलामा तिच्यावर चढवता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. उद्यापासून आम्ही दोघं त्याच कामाला लागणार आहोत, कारण आता घरात एकही बल्ब शिल्लक नाही.

सहाच्या सुमाराला धुकं थोडं विरळ झालं. बोगद्याच्या तोंडातून एक पिवळा दिवा बाहेर आला आणि आमच्या घराच्या दिशेनं वळला. मी चहाचं आधण ठेवायला आत पळाले.